खाज आणि खरं नाव

लोकनाथमने बाकावर बसल्या बसल्या पुन्हा बाही खाली ओढली. बाहीखालचे लाल, खपल्या धरलेले चट्टे नुसते पेटले होते. पण खाजवायची सोय नव्हती. ओळखीचं कुणी भेटलं तर?

"आपल्या उद्दानमचं कोण येतंय इथे?" त्याची बायको नरसम्मा म्हणाली. "त्यासाठीच तर विशाखापट्टणमपर्यंत तंगडतोड केली. आणि ओढून ओढून शिवण उसवलीत त्या बाहीची."

उद्दानममध्ये घरागणिक किडनीचा आजार. तिथे माणूस नुसता खाजवायला लागला तरी शेजारी त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायला येतात. लोकनाथमला स्वतःच्या जिवापेक्षा लेकीची धास्ती होती. नीलवेणीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं.

व्याही कूर्मय्या बैठकीत हसत हसतच म्हणाले होते, "बावगारू, राग मानू नका. पण उद्या किडनीचं घर निघालं, तर आमची वरात अर्ध्या वाटेवरून परत फिरेल." कडक इस्त्रीचा, मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट, बोलणं असं तोलून मापून. नारळ सोलताना तुटलेल्या अर्ध्या अंगठ्याने पेन धरून त्यांनी लोकनाथमचं नाव, आडनाव, गाव, वय सगळं लिहून घेतलं. पत्रिकेत चूक नको म्हणाले.

"आमच्या घरात कुणालाही काही नाही," लोकनाथमने तेव्हा छातीठोकपणे सांगितलं होतं. पंधरा दिवसांत हातावर चट्टे उठले.

इथे इस्पितळात डॉक्टरांचं संशोधन चालू होतं. अंगावर असे चट्टे असणाऱ्यांची किडनी लवकर बिघडते का, ते बघत होते. तपासणी फुकट, कार्ड मागत नाहीत, चेहऱ्याचा फोटो काढत नाहीत. नाव-गाव सांगितलं की झालं. लोकनाथमने एक खोटं नाव वाटेत घोकून ठेवलं होतं.

पण टेबलामागची नर्स काकांशी बोलावं तसं गोड बोलली. "बाबाय, खरं नाव सांगा हं. उद्या तातडीने बोलवायची वेळ आली, तर आम्ही कुणाला शोधायचं?"

लोकनाथमला खोटं कधी धड जमलंच नव्हतं. "पिन्निंटी लोकनाथम," तो म्हणाला. "गाव कोत्तपाडु. वय बावन्न."

नर्सची बोटं थांबली. "मग एवढे दिवस होता कुठे? रिपोर्ट येऊन महिना झाला, फिरकला नाहीत. दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात, बाबाय. डायलिसिसचं बघावं लागेल."

नरसम्माने लोकनाथमचा दंड धरला. धरला कसला, तिलाच आधार हवा होता. "नीलवेणी," एवढंच ती म्हणाली.

"मी आजच आलोय हो," लोकनाथम कसाबसा बोलला. "अजून रक्तसुद्धा दिलं नाही."

"असं कसं? नाव तेच, गाव तेच, वयसुद्धा तेच." नर्सने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हा बघा तुमच्या हाताचा फोटो. मीच काढलाय."

कोपरापासून मनगटापर्यंत लाल, खपल्या धरलेले चट्टे होते. अगदी त्याच्यासारखेच. लोकनाथम खुळ्यासारखा बघत राहिला. नरसम्माने पुढे होऊन फोटोवर बोट ठेवलं.

अंगठा अर्धाच होता.