ओली भिंत

मोहापीने गोठ्यातलं ताजं शेण घमेल्यांनी आणून दारासमोर ओतलं, शेजारी लाल मातीचा ढीग केला आणि हात झटकत तो बायकांकडे वळला. गोठ्याच्या दगडी कुंपणाला पाठ लावून त्या उन्हात बसल्या होत्या, घोंगड्या गळ्यापर्यंत ओढून. एकही उठली नाही.

"आता काय, लिंपायला बैलांना बोलावू? मालुतीच्या डोंगरांवर बर्फ पडलंय. घरात वारा अशा शिट्ट्या मारतोय, की रात्रभर कुत्रं भुंकतं."

"भुंकू दे. तेवढीच सोबत," मापालेसा म्हणाली. "बायको तर पहिल्या वाऱ्यालाच बहिणीकडे पळाली तुमची."

कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हसू गेलं.

घर लिंपायचं ते बायकांनी. भिंतीला हात लावणारा पुरुष या खोऱ्यात कुणी पाहिला नव्हता. कापणी झाल्यावर बायका मिळून एकेक घर लिंपत पुढे जात. यंदा मोहापीच्या दाराशी आल्या, तेव्हा एकीचं मनगट लचकलं, दुसरीच्या बोटात काटा मोडला, तिसरीला सुनेचं बाळंतपण आठवलं. पुढचं घर लिंपताना सगळ्यांचे हात बरे झाले होते.

"मेंढी कापतो," तो म्हणाला.

"कापा. पण ज्वारीची बिअर कोण गाळणार? तेही बायकांचंच काम."

कुंपणाच्या टोकाला त्याची पुतणी मक्याची कणसं सोलत बसली होती. तिच्या खांद्यावर सुतकाची काळी पट्टी टाचलेली होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"दिबुसेंग, तू तरी ऊठ. तुझ्या बापाचं घर आहे हे."

"होतं, काका."

"बघ, शेण केवढं आणलंय. लागेल तेवढं घे."

तिचे हात कणसावर थांबले. मग म्हातारी मासेकाके बोलली, त्याच्याकडे न बघता.

"भाऊ गेला तसं तू भावजयीला या घरातून काढलंस. धान्याच्या झोपडीत ठेवलंस. झोपडीच्या भेगांतून हात आरपार जायचा. तिने एक घमेलं शेण मागितलं, तर म्हणालास, शेण जळणाला लागतं."

"तेव्हा गुरं कमी होती."

"गुरं होती तेवढीच आहेत. माणूस एक कमी झालंय."

मोहापीने घोंगडी काढून कुंपणावर टाकली, बाह्या वर केल्या आणि ढिगाशी गुडघे टेकले. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

"माती किती घ्यायची?" त्याने विचारलं.

दिबुसेंगने कणीस फिरवलं. "आईला माहीत होतं."

"घ्या हो अंदाजाने," मापालेसा म्हणाली. "मक्याच्या पिठाचा पापा घोटतात तसं घोटा. पण तोही कधी घोटला नसेल तुम्ही."

पहिला गोळा भिंतीवरून सरळ पायावर पडला. दुसराही पडला. तिसऱ्या वेळी पाण्याचा हात चुकून भिंतीला लागला, आणि तिथे लिंपण धरलं. तो त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग बादलीतलं पाणी भिंतीवर मारत, लिंपत, मारत, लिंपत, गोल घराभोवती सरकू लागला.

दुपार कलली तशी थट्टा विरली. म्हातारा माणूस, वाकलेला, कोपरांपर्यंत शेणाने माखलेला. चुलीची वेळ झाली तरी एकही घरी गेली नाही. एकीने न बोलता पाण्याची भरलेली बादली त्याच्याजवळ नेऊन ठेवली. त्यानेही मान वर न करता ती ओढून घेतली. हात चालायला लागला होता. दगडांच्या फटी, दाराच्या चौकटीची कड, छपराखालची भेग, सगळं तो बोटांनी चाचपून बुजवत होता.

ऊन भिंतीवरून उतरलं. मग अंगणातून, मग कुंपणावरून गेलं.

मासेकाके दिबुसेंगकडे सरकली.

"पोरी, सावली पडली गं."

"हो, आजी."

ऊन गेल्यावर भिंतीला कुणी ओला हात लावत नाही. रात्री ओल गोठते, फुगते, आणि सकाळी नवा थर जुन्यालाही सोबत घेऊन खाली येतो. मागे उरतात उघडे दगड. इथल्या पोरींना हे दुधाचे दात पडायच्या आधीच कळतं. मुलांना कुणी सांगत नाही, त्यांना गुरांमागे जायचं असतं.

"सांगू का त्याला?" म्हातारीने विचारलं. "झालं तेवढं पुरे. आता थांबला, पोत्यांनी झाकलं, तर थोडंफार वाचेल."

दिबुसेंगने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसा, आजी."

म्हातारी बसली. बाकीच्याही बसून राहिल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मोहापी शेवटी दोन पावलं मागे सरला. चेहऱ्यावर शेणाचे शिंतोडे, ओठ निळे. पण तो हसत होता. हसताना तो दिबुसेंगच्या वडिलांसारखा दिसायचा.

"बघ, दिबुसेंग. बुजलं की नाही? आज वाऱ्याने आत येऊन दाखवावं."

ती उठली. मांडीवरचे मक्याचे दाणे टोपलीत झटकले आणि घराभोवती एक फेरी मारली, सावकाश, जिथे तिथे थांबत. दाराशी आली आणि तिने बोट वर केलं.

"एक भेग राहिली, काका. तिथे, चौकटीवर."

"कुठे? हां, हां. दिसली."

त्याने घाईने बादलीत हात घातला. पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती. ती त्याने बोटांनी फोडली, आणि ओला हात भिंतीकडे नेला.