ऑपरेशनवाल्यांचं टेबल

फोन वाजला आणि अख्खा बार गप्प झाला.

बारच्या मालकिणीनं, निएवेसनं, कॉफीच्या मशीनची वाफ तोडली आणि टीव्हीचा आवाज बंद केला. नाणी टाकून जुगार खेळायच्या मशीनवरच्या प्लंबरनं मशीनच्या स्पीकरवर पंजा दाबून धरला. डॉमिनो खेळणाऱ्या चौघांच्या सोंगट्या हातातच राहिल्या. एरवी इथं शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. पण दाराजवळच्या टेबलावर फोन वाजला, की हे सगळं आपोआप व्हायचं.

मोबाइलला रेंज त्या एकाच टेबलापाशी यायची. त्यामुळे समोरच्या हॉस्पिटलात ज्यांचं माणूस ऑपरेशनला आत गेलंय, ते तिथं बसायचे. दुसरं कुणी, कितीही गर्दी असली तरी, बसायचं नाही. आज तिथं आन्सेल्मो होता, खेड्यातून ठेवणीतला कोट घालून आलेला म्हातारा. त्याच्या बायकोच्या पोटातली गाठ काढायची होती. "झालं की फोन करू, तुम्ही खाली जाऊन काहीतरी खा," असं नर्सनं त्याला सांगितलं होतं. निएवेसनं त्याच्यापुढे तोर्तियाचा, म्हणजे बटाटा घातलेल्या जाड ऑम्लेटचा, तुकडा ठेवला होता, बाहेरून खरपूस, आतून ओलसर, अख्ख्या वस्तीत तसा कुणाला जमत नाही. त्याला त्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं.

आन्सेल्मो उभा राहून फोनवर बोलू लागला आणि लगेच त्यानं कपाळावर हात मारला.

"अगं एन्कार्ना, कोंबड्यांना काय घालायचं, हे आत्ता विचारायचं असतं का?"

फोन ठेवून तो ओशाळून सगळ्यांना म्हणाला, "मेहुणी होती."

बार खदखदून हसला. वाफ सुटली, प्लंबरनं पंजा काढला, गोंगाट होता तसा सुरू झाला.

तेवढ्यात डॉमिनोतला चौथा गडी नातीला शाळेतून आणायला निघाला. राहिलेल्या तिघांतल्या सेफेरिनोनं आन्सेल्मोला हाक मारली. "ओ गाववाले! या, एक हात खेळा."

"नको हो. माझं डोकं ठिकाणावर नाही. शिवाय इथून उठलो तर फोन लागायचा नाही."

"मग आम्हीच येतो."

तिघंही आपापले ग्लास आणि खुर्च्या घेऊन आले. आन्सेल्मो नको नको म्हणेपर्यंत सोंगट्या टेबलावर पसरल्यासुद्धा.

आन्सेल्मो खेळायचा बरा, पण प्रत्येक सोंगटी अलगद ठेवायचा. सेफेरिनोला ते बघवेना.

"अहो, अंडं ठेवताय का? आपटा की! आवाज झाला पाहिजे. बायको सोसते तरी कशी तुम्हाला?"

"आमची एर्मिनियाही हेच विचारते," आन्सेल्मो म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा थोडासा हसला.

सेफेरिनोचं ओरडणं म्हणजे लाडच. खरा राग आला की तो ओरडत नसे, सरळ डावातून उठवायचा. ठिपके न जुळणारी सोंगटी लावली म्हणून त्यानं सख्ख्या भावाला उठवलं होतं. तो भाऊ तेव्हापासून कोपऱ्यापलीकडच्या बारमध्ये जातो.

फोन पुन्हा वाजला.

पुन्हा वाफ तुटली, टीव्ही गप्प झाला, प्लंबरचा पंजा मशीनवर गेला.  या वेळी आन्सेल्मोनं बसल्या बसल्याच फोन कानाला लावला.

"हो... मीच नवरा... हो... हो... बरं."

त्यानं फोन टेबलावर उपडा ठेवला. चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. विचारायचं कुणीच नाही, हीसुद्धा इथली रीत. ज्याचा फोन, त्यानं आधी बोलायचं. तोवर कप बशीत ठेवायचा नाही. मागे एका बाईच्या फोननंतर ही शांतता मोडलीच नव्हती. निएवेसनं मशीन बंद केलं होतं, एप्रन सोडला होता आणि ती त्या बाईचा हात धरून रस्ता ओलांडून गेली होती. बार उघडा टाकून. कुणी कशाला हात लावला नाही.

आताही दुधाचं भांडं हातात घेऊन निएवेस उभी होती.

आन्सेल्मोनं समोरच्या सोंगट्यांतली एक उचलली. हात डोक्याच्या वर नेला आणि ती डावाच्या टोकाला अशी आपटली, की ग्लास नाचले.

"शुद्धीवर आली!" तो म्हणाला. "विचारतेय, मी काही खाल्लं का."

छप्पर उडेल एवढा आरडाओरडा झाला. प्लंबरनं अनोळखी माणसाला मिठी मारली. निएवेस काउंटरमागून धावत आली, एप्रननं डोळे पुसत.

"मग काय सांगितलंस, राजा?"

"खाल्लं म्हणालो."

तिनं ताटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. थंड तुकडा उचलून नेला आणि गरम आणून ठेवला. "हा संपल्याशिवाय तू रस्ता ओलांडायचा नाहीस."

आन्सेल्मो भराभर खाऊ लागला. आसवं ताटलीत पडत होती आणि तो खातच होता.

मग डावात त्याच्या बाजूनं खेळणाऱ्या जोडीदाराचं लक्ष डावाकडे गेलं आणि त्याचा चेहरा पडला. "सेफेरिनो," तो हळूच म्हणाला, "यांनी दोनच्या पुढे पाच-पाच लावलंय."

जवळचे दोघं-तिघं सेफेरिनोकडे बघू लागले. सेफेरिनो पुढे वाकला. त्यानं ती सोंगटी नीट पाहिली.

"मग?" तो म्हणाला. आणि आपल्या हातातलं पाच त्याला जोडून त्यानं असं आपटलं, की ग्लास पुन्हा नाचले.