लेबलावरची शेवटची ओळ

ग्राहक न्यायालयाच्या टेबलावर शेंगाचटणीच्या दोन बरण्या होत्या. एक सोलापूरच्या महादेवी हत्तुरेंची, दुसरी त्यांनी कोर्टात खेचलेल्या बड्या कंपनीची. दोन्हींवर छापलं होतं, 'उखळात हाताने कुटलेली'.

न्यायाधीशांनी दोन्हींवर सरकारी कोरी लेबलं चिकटवली. आत असेल तेच ही लेबलं स्वतः लिहीत. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ. दोन्हीकडे सारखंच. मग महादेवीबाईंच्या लेबलावर आणखी एक ओळ उमटली: 'मानवी घाम, अत्यल्प'.

"घाम!" कंपनीचे वकील उसळले. "साहेब, दंड यांनाच करा!"

महादेवीबाई ताठ उभ्या राहिल्या. "असणारच की! चटणीला तेल सुटेस्तोवर मुसळ हाणलं की माणसाला घाम सुटतोच. आता त्यांच्या लेबलावर दाखवा एक थेंब."