डोंगरातलं सासर

सिक्कीमच्या सहलीचा बेत ठरताच मैत्रिणींनी कुंदाला गराडा घातला. लग्न करून ती तिकडे गेली होती, केस पिकल्यावर परतली.

कुंदानं भरभरून सांगितलं. उतारावरचे वेलदोड्याचे मळे, भुतिया जमातीचं सासर, लेपचा जमातीची शेजारीण, नेपाळी सुईण. तिघांच्याही भाषा ती शिकली होती. सणाला सगळे तिच्याच चुलीभोवती जेवायचे.

“किती गुण्यागोविंदानं राहतात गं!” नलू म्हणाली. “मग तू का परत आलीस?”

“थंडी सोसवेना,” कुंदा म्हणाली.

नवऱ्याचे अंत्यविधी आटोपताच दिरानं तिची ट्रंक अंगणात आणून ठेवली होती. “तू परकी. हे घर आमचं,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. जमलेल्या शेजाऱ्यांकडे वळून कुंदानं एकेकाला ज्याच्या त्याच्या भाषेत हाक मारली. कुणीच ओ दिली नाही.