मुकी बाजू

ऑनलाइन घेतलेल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची डावी बाजू मुकी होती. झाकण काढून मी नेहमीसारखा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आतला एकेक भाग ठोकत गेलो. जिथे खरखर होते तिथेच बिघाड असतो. तो भाग सरळ उपटून टाकायचा.

खरखर झाली नाही. छतावर टकटक झाली.

“अहो, वर कोण ठोकतंय?” बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

आमच्या वर मजलाच नाही.

मी हात आवरला, तरी टकटक थांबेना. कोपऱ्यातून ती कपाटावर आली, मग दारावर. दार उघडायला धावलो, आत ओढलं, तर ते हलेना. पलीकडून बायकोही ढकलत होती.

टकटक माझ्या डोक्यावर येऊन थांबली.

मी बायकोला हाक मारली. घशातून नुसती खरखर निघाली.

वरून कुणीतरी समाधानाने म्हणालं, “सापडला.”