उत्तेजनार्थही नाही

व्यसनमुक्ती चित्रस्पर्धेचे परीक्षक स्वतः मुख्याध्यापक होते. पहिलं बक्षीस त्यांनी कवटीत खुपसलेल्या सिरिंजला दिलं, दुसरं पुलाखाली पडलेल्या गर्दुल्ल्याला. मग एक चित्र बोटाच्या टोकानं बाजूला सारलं. त्यात नुसता एक उघडा ड्रॉवर होता. डावीकडे रबरबँड लावलेलं चष्म्याचं घर, शेजारी गोळ्यांची आठ पाकिटं, सगळी फोडलेली.

"यात नशा कुठे आहे?"

"सर, मुलं हल्ली घरातल्याच दुखण्याच्या गोळ्या खातात," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. "ऑपरेशननंतर देतात ना, त्या कडकवाल्या. त्यांचीच चटक लागते."

"बाई, आपल्याकडची मुलं चांगल्या घरातली आहेत."

"मी घरातल्याच म्हणतेय, सर."

"उत्तेजनार्थसुद्धा नको." मागचं नाव वाचायची त्यांना गरज वाटली नाही.

संध्याकाळी घरचा जिना चढताना त्यांचा ऑपरेशन झालेला गुडघा ठणकू लागला. त्यांनी पलंगाशेजारचा ड्रॉवर ओढला. रबरबँड लावलेल्या चष्म्याच्या घराशेजारी गोळ्यांची आठ पाकिटं नीट रचून ठेवलेली होती. आठही रिकामी.

त्यांनी तडक औषधाच्या दुकानात फोन लावला आणि दुकानदाराला फैलावर घेतलं. "रिकामी पाकिटं गळ्यात मारता? लाज नाही वाटत?"

परत मिळालेल्या चित्राची सुरळी हातात धरून त्यांची दहावीतली मुलगी मघापासून दारात उभी होती. फोन ठेवून ते तिला म्हणाले, "बघितलंस? काय एकेक माणसं असतात!"