दर माणशी, दर रात्री

करमाडच्या बद्रीनाथची लेक श्रेया लग्नानंतर नवऱ्यासोबत इटली फिरायला गेली होती. पहिले तीन दिवस तिनं फोटो पाठवून पाठवून घरच्यांना हैराण केलं. चौथ्या दिवसापासून मात्र तिचा फोन जावईच उचलायला लागला. "झोपलीय पप्पा." "अंघोळीला गेलीय पप्पा." चार दिवस हेच! श्रेयाच्या आईच्या, साळूबाईच्या, घशाखाली घास उतरेना, तेव्हा बद्रीनाथनं त्यांची सहल बुक करणाऱ्या औरंगपुऱ्यातल्या ट्रॅव्हल एजंटाचं ऑफिस गाठलं.

एजंटानं हॉटेलाला मेल टाकला. तासाभरात तिकडून बिल आलं.

"काका, तिकडं हॉटेलात राहिलं की त्या गावाचा टॅक्स भरावा लागतो. दर माणशी, दर रात्रीचा," एजंट स्क्रीनवर बोट फिरवत म्हणाला. "हे बघा, पहिल्या तीन रात्री दोन माणसं." मग त्याचं बोट थांबलं. "पुढच्या चार रात्री एकच."

बद्रीनाथ स्क्रीनकडं वाकला. पेपरात वाचलेलं नाय नाय ते डोळ्यांपुढं नाचायला लागलं. "त्यानं काय केलं हो माझ्या लेकीचं?"

"थांबा काका, ह्या एकाचाबी टॅक्स माफ केलाय." माफीचं कारण तिकडच्या भाषेत लिहिलं होतं. एजंटानं त्या ओळीवर मोबाइल धरला, मराठी अक्षरं उमटली आणि त्याचा आवाज एकदम खाली आला.



"दवाखान्यात भरती असलेल्या पेशंटच्या सोबत राहणाऱ्या नातेवाइकाला हा टॅक्स लागत नाय, काका."